नवा चष्मा आला, तरी अंधुकच दिसतंय! (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की चष्म्याबद्दल काय विचारायचं ते विचारा, आणि जी पत्रं आली त्यात बहुतेकांचं रडगाणं एकच. पैसे मोजून नवा चष्मा केला, नंबर नवा, फ्रेम नवी, आणि दिसतंय मात्र जुन्यापेक्षा वाईट. त्यामुळे या वेळी सगळा मुक्काम याच विषयावर. एक आधीच सांगते, बरेच जण मला डॉक्टर म्हणून लिहितात, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नंबर काढणं आणि चष्मा नीट बसवणं हे माझं काम. औषध, ऑपरेशन हे डोळ्यांच्या डॉक्टरांचं, ते मी त्यांच्याकडेच ढकलणार.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि अधूनमधून कंप्युटर. वय ३४. नवा चष्मा केलाय, उजवा मायनस ३.७५ सिलिंडर मायनस २ अ‍ॅक्सिस १०, डावा मायनस ३.५० सिलिंडर मायनस १.७५ अ‍ॅक्सिस १७०. आधीच्या चष्म्यात सिलिंडर दोन्हीकडे १ च होतं. या वेळी गोल फ्रेम घेतली, बायकोने निवडली. पहिल्या दिवसापासून उजव्या डोळ्याने अंधुक, जमीन एका बाजूला उतरल्यासारखी दिसते, संध्याकाळी कपाळ ठणकतं. दुकानदार म्हणतो सवय होईल. डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणतात नंबर बरोबर आहे, दुकानात दाखवा. दोघांची टोलवाटोलवी चाललीय आणि मी मधे लटकलोय. काय करू?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर: भाऊ, तुम्ही एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी घातल्यात आणि त्या आधी सोडवून घेऊ, कारण दुकानदार एका तक्रारीबद्दल खरं बोलतोय आणि दुसरीबद्दल नाही.

जमीन तिरकी दिसणं, दाराची चौकट झुकल्यासारखी वाटणं, पायरी आहे त्यापेक्षा वर आल्यासारखी वाटणं, हे सिलिंडर (म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, आणि अ‍ॅक्सिस हा त्या दिशेचा कोन) १ चं २ झालं की होतंच. सिलिंडरची काच एका दिशेत जास्त आणि दुसऱ्या दिशेत कमी लहान करते, म्हणून चौकोन थोडे कलल्यासारखे दिसतात, मेंदूला ते जुळवून घ्यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यासाठी सकाळी उठल्या उठल्या नवा चष्मा घाला आणि दिवसभर तोच ठेवा, ऑफिसात नवा, घरी जुना, बाईकवर परत नवा असं केलंत तर सवय कधीच होणार नाही. इथे दुकानदार बरोबर.

पण अंधुक दिसणं ही गोष्ट निराळी. सवयीने तिरकं सरळ होतं, अंधुक काही स्पष्ट होत नाही. त्यातून एकाच डोळ्याने आणि पहिल्या दिवसापासून अंधुक असेल तर वाट बघायचं कारणच नाही, सरळ मोजायला घ्यायचं. "सवय होईल" हे चष्मा मोजून झाल्यावर म्हणायचं वाक्य आहे, आधी म्हणायचं नाही, आणि आपल्याकडे ते काउंटरवरच म्हणून टाकतात याचा मला मनापासून राग येतो.

आता घरी काय करायचं. लांबच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा, डावा डोळा तळहाताने झाका (दाबू नका, दाबलात तर तोच थोडा वेळ अंधुक दिसेल) आणि उजव्याने आधी नव्या चष्म्यातून, मग जुन्यातून बघा. जुन्यातून जास्त स्पष्ट असेल तर नव्यात काहीतरी घोळ आहे हे जवळपास नक्की. मग एक जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या, टाचणीने मधे बारीक भोक पाडा, साधारण १ मिलिमीटरचं, आणि नवा चष्मा घालून त्या भोकातून बघा. भोकातून अक्षरं एकदम सुधारली तर बहुतेक वेळा गडबड नंबराची किंवा काचेची असते. भोकातूनही तसंच अंधुक राहिलं तर चष्म्याच्या मागे लागू नका, डोळाच तपासायला हवा.

यानंतर दुकानात. प्रत्येक बऱ्या दुकानात लेन्सोमीटर असतो, काच त्यावर ठेवली की तिच्यात खरोखर कुठला नंबर आहे ते दोन मिनिटांत कळतं. भांडू नका, फक्त म्हणा की दोन्ही काचा माझ्यासमोर मोजा आणि आकडे कागदावर लिहून द्या. "चेक केलं, ओके आहे" असं तोंडी उत्तर घेऊन परत यायचं नाही. आणि कागद हातात आल्यावर लगेच घाबरूही नका, कारण एकच नंबर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. प्लस १ सिलिंडर मायनस ०.५० अ‍ॅक्सिस ९० आणि प्लस ०.५० सिलिंडर प्लस ०.५० अ‍ॅक्सिस १८० ही एकच काच आहे. डॉक्टरांनी एका तऱ्हेने लिहिलेलं असतं, मशीन दुसऱ्या तऱ्हेने दाखवतं आणि लोक इकडे "नंबरच चुकीचा दिला" म्हणून दुकान डोक्यावर घेतात.

तुमच्या बाबतीत माझी नजर अ‍ॅक्सिसवर आहे. अ‍ॅक्सिस म्हणजे सिलिंडर काचेत कुठल्या दिशेने बसवायचं तो कोन, आणि तो थोडा जरी हलला तरी मोठ्या सिलिंडरवाल्याला लगेच बोचतो. हिशोब असा, अ‍ॅक्सिस १० अंशांनी चुकला तर सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश भाग न सुटता तसाच राहतो, तुमच्या २ सिलिंडरला म्हणजे जवळपास ०.७० चा नवा सिलिंडर तुम्ही विकत घेतलात. ३० अंशांनी चुकला तर अख्खं २ च्या २ शिल्लक, म्हणजे सिलिंडर घातलं काय न घातलं काय सारखंच.

आता हा चुकतो कसा? एक म्हणजे हस्ताक्षर. १० च्या डोक्यावर अंशाचं गोल चिन्ह काढलं की घाईत ते १०० वाचलं जातं, म्हणून ते चिन्ह काढूच नये असं आम्हाला शिकवतात, पण सवय जात नाही लोकांची. १० चं १०० झालं असेल तर त्या काचेतून तुमचं सिलिंडर सुटण्याऐवजी दुप्पट होतं, आणि पत्रावरून तुमचं इतकं वाईट वाटत नाही, तरी बघून घ्या. दुसरं कारण मला जास्त संशयास्पद वाटतंय आणि ते म्हणजे तुमची गोल फ्रेम. चौकोनी फ्रेममधे काच फिरूच शकत नाही, पण पूर्ण गोल फ्रेममधे स्क्रू जरा सैल असला की पुसता पुसता काच आतल्या आत फिरते, बाहेरून काही कळत नाही, गोल ते गोलच दिसतं. उजवी काच अंगठा आणि बोटात धरून हलक्या हाताने फिरवून बघा, सरकली तर चोर सापडला. अजून एक, चष्मा घातलेला असताना डावा डोळा बंद करून फ्रेम उजवीकडे-डावीकडे किंचित कलती करा, कुठल्याशा एका कोनात उजव्या डोळ्याला अचानक स्वच्छ दिसलं तर अ‍ॅक्सिसच चुकलाय. दुकानदार काच जागेवर आणून स्क्रू घट्ट करून देईल. वहिनींची निवड वाईट नाही, पण इतक्या सिलिंडरला अगदी गोल फ्रेमपेक्षा थोडी कोपरेवाली बरी.

अ‍ॅक्सिस बरोबर निघाला तर मग चष्मा चेहऱ्यावर कसा बसलाय ते. काचेचा मध्य बुबुळाच्या मध्यासमोर यायला हवा, त्यासाठी दोन बुबुळांमधलं अंतर मोजतात, त्याला आम्ही पीडी म्हणतो, आणि बरेचदा हे अंतर न मोजता अंदाजपंचे टाकलेलं असतं. पावणेचारच्या काचेचा मध्य ४ मिलिमीटर सरकला तर दीड प्रिझम तयार होतो, म्हणजे डोळ्यांना दिवसभर विनाकारण आत किंवा बाहेर खेचत राहावं लागतं, तुमचं संध्याकाळचं कपाळ त्यानेही ठणकत असेल. दुकानदाराला सांगा चष्मा माझ्या नाकावर ठेवून काचेवर पेनाने बुबुळाचा ठिपका मारा आणि मशीनवर काचेचा मध्य त्याच जागी येतोय का ते दाखवा. (मोठे नंबरवाल्यांसाठी जाता जाता: मायनस ८ चा चष्मा नाकावरून ५ मिलिमीटर खाली घसरला तरी नंबर साधारण ०.३० ने कमी झाल्यासारखं होतं, तेव्हा आधी नोजपॅड घट्ट करून घ्या, मग नंबर वाढला म्हणा. पावणेचारला हा फरक नगण्य आहे.)

आणि टोलवाटोलवी कशी संपवायची ते सांगते. डॉक्टरांकडे नवा चष्मा आणि दुकानातला आकड्यांचा कागद दोन्ही घेऊन जा आणि ट्रायल फ्रेम मागा, ती जड, काचा अडकवायची गोल फ्रेम असते ना, तीच. तिच्यात तुमच्या कागदावरचाच नंबर घालून उजव्या डोळ्याने बोर्ड वाचायचा, लगेच नवा चष्मा घालून त्याच खुर्चीत तोच बोर्ड वाचायचा. ट्रायल फ्रेममधे स्पष्ट आणि चष्म्यात अंधुक आलं तर दोष चष्म्याचा, दुकानदाराने काच बदलून द्यायची. दोन्हीत अंधुक आलं तर नंबर परत काढायचा किंवा डोळा तपासायचा, दुकानदार सुटला. पाच मिनिटांचं काम आहे आणि यात कुणाला वाद घालायला जागा राहत नाही. नंबर परत काढायची वेळ आलीच तर नुसत्या कंप्युटरवरच्या नंबरावर चष्मा करू नका, ते मशीन सुरुवातीचा अंदाज देतं, शेवटचा नंबर "हे बरं की ते बरं" विचारत तुमच्या उत्तरावर ठरायला हवा, आणि त्यातही लोक घाईघाईने "दोन्ही सारखंच" म्हणून मोकळे होतात. वेळ घ्या, परत दाखवा म्हणा, कोणी रागावत नाही.

प्रश्न: ताई, आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. वय ४९. चाळिशी लागली म्हणून मुलाने हट्टाने प्रोग्रेसिव्ह चष्मा करून दिला, चांगला महागाचा. मोबाईल दिसतो, गाडी चालवताना दिसतं, पण बागेत विरळणीला गेलो की घडातले मणी पुसट. मान वर करून करून दुखायला लागली. बांधावरून उतरताना पाय अंदाजाने टाकावा लागतो. मुलगा म्हणतो बाबा तुम्हाला वापरता येत नाही.
(एक द्राक्ष बागायतदार)

उत्तर: दादा, वापरता येतोय तुम्हाला, चष्माच दुसऱ्या कामासाठी बनलाय. प्रोग्रेसिव्हच्या वरच्या भागात लांबचा नंबर असतो, मधे कंप्युटरच्या अंतराचा आणि खाली वाचायचा. बनवणाऱ्याने धरलंय की माणूस जवळचं बघायला नजर खाली नेतो, पेपर, ताट, मोबाईल सगळं खालीच असतं. आणि तुमचा घड मांडवाला डोक्यावर लटकतोय! जवळची वस्तू, पण बघताय काचेच्या वरच्या, लांबच्या भागातून, मग मणी पुसट दिसणारच. मान मागे टाकून तुम्ही खालचा भाग घडासमोर आणायची खटपट करताय, ती मान त्यामुळे दुखतेय. माझ्याकडे दिंडोरी, पिंपळगावकडचे लोक दर हंगामात हीच तक्रार घेऊन येतात आणि शहरातल्या चष्मेवाल्याला ती पटकन लक्षात येत नाही कारण त्याने विरळणी बघितलेली नसते.

उपाय साधा आणि स्वस्त आहे. बागेसाठी वेगळा, एकाच नंबराचा चष्मा करा, अख्ख्या काचेत जवळचाच नंबर. मात्र तो वाचायच्या अंतराचा नको. कामाच्या पोझिशनमधे उभे राहा, डोळ्यापासून घडापर्यंत टेपने माप घ्यायला लावा कुणाला तरी, आणि ते माप नंबर काढणाऱ्याला सांगा. तुमच्या वयाला ४० सेंटिमीटरला लागणारा नंबर आणि ५५ सेंटिमीटरला लागणारा नंबर यात अर्ध्याहून जास्तीचा फरक पडतो. तो चष्मा घालून बागेबाहेर चालू नका, लांबचं अंधुक दिसेल, दोरी लावून गळ्यात ठेवा. वर आणि खाली दोन्हीकडे जवळच्या नंबराची टिकली (छोटा वेगळा भाग) असलेले बायफोकलही असतात, डोक्यावर काम करणाऱ्यांसाठीच बनवतात, पण आधी साधा करून बघा.

बांधावरचा पाय: प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग हातभर अंतरासाठी असतो आणि जमीन त्याच्या तिप्पट-चौपट लांब. नजर खाली नेऊ नका, हनुवटीच छातीकडे न्या म्हणजे जमीन वरच्या भागातून दिसेल. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना नवे प्रोग्रेसिव्हवाले ओळखू येतात मला, सगळे चाचपडत असतात. त्याशिवाय एक तपासून घ्या, घरात बसून मोबाईल वाचतानाही हनुवटी वर उचलावी लागत असेल तर काच खाली बसलीय, आणि समोर सरळ बघताना लांबचं स्पष्ट दिसायला हनुवटी खाली घ्यावी लागत असेल तर वर बसलीय. पहिल्यात नोजपॅडने चष्मा थोडा उचलून, दुसऱ्यात उतरवून बरेचदा भागतं, नाहीतर माप घेऊन काच परत बनवायची. बऱ्याच कंपन्या प्रोग्रेसिव्ह ठराविक मुदतीत बदलून देतात, बिल सापडतंय का बघा आणि मुलाला दुकानात पाठवा, हट्ट त्याचाच होता.

फवारणीनंतर काचेवरचे डाग धोतराने किंवा शर्टाने कोरडे पुसू नका, आधी पाण्याखाली धरा, नाहीतर धुळीने कोटिंगवर ओरखडे पडतात आणि मग तेही अंधुकच दिसतं.

प्रश्न: माझ्या आईला (५८, नाशिकरोड) नुकतीच शुगर निघाली, गोळ्या चालू झाल्या. त्याच आठवड्यात तिचा चष्माही केला. आता तीन आठवड्यांतच तिला त्या चष्म्याने लांबचं जवळचं काहीच नीट दिसत नाही. दुकानात मोजला तर कागदाप्रमाणेच आहे. चष्मा फुकट गेला का?

उत्तर: चष्मा बरोबर आहे, आईचा डोळा बदललाय, तात्पुरता. शुगर खूप वाढलेली असते तेव्हा डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगात पाणी आणि साखरेचं गणित बिघडतं आणि नंबर सरकतो, बरेचदा मायनसकडे. मग गोळ्यांनी शुगर झपाट्याने खाली आली की तो उलट प्लसकडे जातो. तुम्ही नंबर काढलात तो नेमका या चढउताराच्या मधे. शुगर स्थिर होऊन महिना-दीड महिना जाऊ द्या, मगच परत नंबर काढा, तोवर नवीन काच अजिबात टाकू नका, जुना एखादा चष्मा बरा वाटत असेल तर तो वापरू द्या. नंबर काढायला जाल त्या दिवशी शुगरचा ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि नंबर काढणाऱ्याला स्वतःहून सांगा, कारण तो बहुतेक विचारणार नाही.

पण डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी मात्र थांबवू नका. टाइप टू शुगर सापडते तेव्हा ती आधीच काही वर्षं अंगात असू शकते, म्हणून निदान झालं की लगेच डोळ्यात औषध घालून पडदा बघून घ्यायचा आणि मग दरवर्षी.

प्रश्न: मुलगा दहावीत, दरवेळी नवा चष्मा केला की काही महिने बरा आणि परत अंधुक. सिलिंडर वाढतच चाललंय, १.२५ वरून ३ वर गेलं. डोळे सारखे चोळतो, धुळीची अ‍ॅलर्जी आहे म्हणतात. मोबाईलमुळे असेल का?
(एक आई, पंचवटी)

उत्तर: ताई, मोबाईलला शिव्या नंतर घालू. वाढत्या वयात मायनस वाढणं नेहमीचं आहे, पण सिलिंडर असं भरभर वाढणं, त्यातून डोळे चोळायची सवय, म्हटल्यावर केराटोकोनस नाही ना हे बघायलाच हवं. यात डोळ्याची पुढची पारदर्शक चकती, कॉर्निया, पातळ होत होत पुढे टोकदार होते, आणि मग कितीही नीट चष्मा केला तरी पूर्ण स्पष्ट दिसत नाही. कॉर्नियाची टोपोग्राफी नावाची तपासणी असते, दुखत नाही, मशीनमधे बघायचं असतं फक्त. ती करून घेतल्याशिवाय अजून एक चष्मा करू नका. वाढतंय असं निघालं तर क्रॉस-लिंकिंग (कॉर्निया घट्ट करणारा उपचार) करून ते थांबवता येतं, आणि ते जितकं लवकर तितकं बरं, कारण गेलेला आकार बहुतेक परत येत नाही. काही न निघालं तर उत्तमच. दोन्ही बाबतीत चोळणं आजपासून बंद, खाज सुटली की थंड पाण्याची पट्टी, आणि अ‍ॅलर्जीचे ड्रॉप्स डॉक्टरांनी दिलेलेच. मेडिकलमधून मागच्या वेळचं नाव सांगून आणलेले नकोत, त्यात स्टिरॉइड असेल तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही मागे लागू शकतात.

प्रश्न: नवा चष्मा दिवसा झकास. रात्री कसारा घाटात मात्र समोरच्या ट्रकचे दिवे फुटतात, पाट्या पुसट. पिवळा नाईट ड्रायव्हिंग चष्मा घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. पिवळी काच प्रकाश कमी करते, अंधारात आधीच कमी असतो. रात्री डोळ्याची बाहुली मोठी होते त्यामुळे पाव नंबराची तूटसुद्धा जाणवते, तेव्हा लांबचा नंबर परत बघून घ्या, काचेला अँटी-ग्लेअर (चमक कमी करणारा थर) आहे का ते बघा, गाडीची पुढची काच आतून पुसा (आतून कोणी पुसतच नाही). पन्नाशी ओलांडली असेल तर मोतीबिंदूची सुरुवातही अशीच होते. डोळे मिचकावले की क्षणभर स्पष्ट दिसतं असं होत असेल तर कोरडेपणा, एसीचा झोत तोंडावरून हटवा.

प्रश्न: कालच नवा चष्मा घेतला आणि आज सकाळपासून डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके, कडेला वीज चमकल्यासारखी. काच खराब आहे का? रविवारी दुकानात जाईन म्हणतो.

उत्तर: रविवारपर्यंत थांबू नका आणि दुकानात तर जाऊच नका. चष्मा काढूनही ठिपके आणि चमक दिसत असेल तर काचेचा काही संबंध नाही, योगायोगाने एका वेळी आलंय. अचानक आलेले ठिपके, चमक, किंवा कडेने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं हे डोळ्याचा पडदा फाटल्याचं लक्षण असू शकतं. फाटलेला असतानाच सापडला तर लेझरने भागतं, सुटला की ऑपरेशन. हे पत्र छापून येईपर्यंत तुम्हाला आम्ही फोन केलाच आहे, पण असं ज्याला कुणाला होतंय त्याने त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं. तिथे डोळ्यात ड्रॉप्स टाकतील, पुढचे काही तास अंधुक दिसेल आणि उजेड सहन होणार नाही, तेव्हा स्वतः बाईक चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या नाहीतर रिक्षा करा.